राबाचा गुन्हा

नोकरीतून मोकळा झालो त्याला आता काही काळ लोटला. खून पाहिले, दरोडे पाहिले, फसवणुकी तर पोत्याने पाहिल्या, आणि खरं सांगायचं तर त्यातलं पुष्कळसं विसरूनही गेलो. एक प्रकरण मात्र विसरता येत नाही. त्यात रक्त सांडलं नाही की कुणाच्या घरात चोर शिरला नाही. एका माणसाने स्वतःच्या जमिनीतल्या झाडांच्या फांद्या तोडून जाळल्या, एवढंच. तरीही तो तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन पोहोचला होता, आणि त्याला तिथवर नेण्यात एका साध्या मराठी शब्दाचाही हात होता.

तेव्हा मी पालघर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही, पण हद्द सांगितल्याशिवाय गोष्ट समजायची नाही. पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत, तिथल्या चिमण्या, सरावलीतल्या कामगारांच्या खोल्या, पाळी सुटली की रस्त्यावर सायकली आणि रिक्षांची झुंबड. बेटेगाव मागे टाकून महामार्गाच्या दिशेने निघालं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येऊ लागतात आणि त्यांच्या कडेकडेने पाडे. एकाच ठाण्यात सकाळी कंपनीतल्या केबलच्या चोरीची तक्रार, तर दुपारी कोंबड्यावरून झालेलं भांडण. मी मूळचा सोलापूरकडचा. चिमण्यांची सवय मला लवकर झाली, डोंगराची व्हायला वेळ लागला.

उन्हाळा भरात होता. सरावलीत राहणारा एक टेम्पोचालक मला अधूनमधून खबर द्यायचा. उत्तरेकडचा माणूस, चहा पाजला की बोलायचा. त्या दिवशी न पाजताच बोलला. "साहब, ऊपर पहाड़ी पे पूरा जंगल साफ कर दिया है। आग भी लगाई है।" मला वाटलं लाकूडचोरांची टोळी असणार. फौजदाराला जीप काढायला सांगतो आहे तोच ठाण्यात एक इस्त्रीचे कपडे घातलेला तरुण फिर्याद घेऊन आला. तोही तेच सांगत होता: त्याच डोंगरावर झाडं तोडली, जाळली, कंपनीचं मोठं नुकसान झालं. दोन वेगळ्या तोंडांनी एकच बातमी आली की पोलीस अर्धा विश्वास तिथल्या तिथे ठेवून टाकतो.

झाडांशी कंपनीचा काय संबंध, ते मला त्या तरुणाने समजावून सांगितलं. तो स्वतःला प्रकल्प अधिकारी म्हणवत होता. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा. हवा तापते आहे, म्हणून कारखान्याने किती धूर सोडायचा याला आता मर्यादा घालून दिली जाते. आपल्या वाट्यापेक्षा कमी सोडला, तर उरलेला वाटा विकता येतो. जास्त सोडला, तर दुसऱ्याचा विकत घ्यावा लागतो. झाडं हवेतला कार्बन शोषतात, म्हणून कुणी डोंगरावर झाडं लावून राखली, तर त्यांनी शोषलेला कार्बनही असाच विकता येतो. त्याची मुंबईची कंपनी पाड्यावरच्या शेतकऱ्यांच्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत झाडं लावत होती, आणि त्यांचं प्रमाणपत्र आमच्याच हद्दीतल्या एका रंगाच्या कारखान्याने घेतलं होतं. मला यातलं पुष्कळसं चटकन कळलं, कारण हद्द म्हणजे काय हे पोलिसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

गुन्हा नोंदवला. फौजदार डोंगरावर गेला आणि तिन्हीसांजेच्या आत फिर्यादीत नाव दिलेल्या माणसाला घेऊन आला. पन्नाशीचा, अंगाने काटक, वारली शेतकरी. कोयता त्याच्या कमरेलाच होता. फौजदार खूश होता, कारण गड्याने पळायचा प्रयत्न केला नाही आणि नाकारलंही काही नाही. तोडलीस का? तोडली. जाळलीस का? जाळली. इतका सरळ आरोपी मिळाला की मला उलट कसंतरीच वाटतं.

जबाब आमच्या रायटरने घेतला. तो लातूरचा, अक्षर मोत्यासारखं. त्याने लिहिलेलं वाचलं: 'मी सदर ठिकाणी राबण्याकरिता गेलो असता झाडे तोडून जाळली आहेत. कोणाकडे राबत होतो त्याचे नाव सांगण्यास नकार देतो.' म्हणजे याच्या मागे कुणीतरी आहे. हा भाडोत्री, खरा चोर वेगळा. मी त्याला समोर बसवलं.

"कुणाकडे राबत होतास?"

"कोनाकडं नाय."

"मग झाडं तोडली कशाला?"

"राबाला."

"अरे, पण कुणाच्या राबाला?"

"माज्या. दुसऱ्याच्या कशाला करीन?"

हे असं बराच वेळ चाललं. मी आवाज चढवला, फौजदाराने गोड बोलून पाहिलं, रायटरने मध्येच पाणी दिलं. उत्तर बदललं नाही. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस दर खेपेला थोडी नवी माहिती जोडत जातो, न विचारलेलीसुद्धा. हा तेवढेच दोन शब्द बोलत होता आणि आमच्याकडे असा पाहत होता, जणू आम्हीच काहीतरी लपवतो आहोत. घरी कधी जायचं, एवढंच त्याने एकदा विचारलं. बाहेर पायरीवर त्याची बायको येऊन बसली होती. रडणं नाही, विनवणी नाही. ठाणे अंमलदाराने तिला दोनदा जायला सांगितलं, तर म्हणाली, "तो निघाला का जाईन."

त्या माणसाच्या डोक्यावर काय लटकत होतं, हे तिला पूर्ण माहीत नव्हतं. मला होतं. आगीने नुकसान केल्याचं कलम लागलं होतं. वर कंपनीशी झालेला करार. झाडांची कलमं फुकट लावायला मिळणार म्हणून नवरा-बायको दोघांनी अंगठे दिले होते, आणि त्यात लिहिलं होतं की या जमिनीतल्या कोणत्याही झाडाला कित्येक वर्षं हात लावायचा नाही. गुन्हा शाबित झाला असता तर तो आत गेला असताच, आणि बाहेर आल्यावरही स्वतःच्या झाडांखाली परका ठरला असता.

प्रकल्प अधिकारी त्या संध्याकाळीच पुन्हा आला. मला त्याच्यात एक गोष्ट खटकली. ज्याचं खरंच काही गेलेलं असतं, तो आधी आपल्या वस्तूची चौकशी करतो. किती गेलं, सापडेल का, कुणी नेलं. याने यातलं एकही विचारलं नाही. त्याला एफआयआरची प्रत हवी होती, सही-शिक्क्याची, आणि लवकर. मी म्हटलं, आधी घटनास्थळाचा पंचनामा होऊ द्या. त्यावर त्याचा चेहरा किंचित पडला. आरोपीला अटक न दाखवता नोटीस देऊन बायकोबरोबर घरी पाठवलं, सकाळी डोंगरावर हजर राहायला सांगितलं. फौजदार माझ्यावर नाराज झाला.

सकाळी पंच घेऊन आम्ही वर गेलो. वर पोहोचेपर्यंत माझा श्वास फुलला होता. एका ऐनाच्या झाडाचं खोड कोपर दुमडल्यासारखं वाकडं होतं, त्याला टोपी अडकवून मी घाम पुसत उभा राहिलो आणि आजूबाजूला पाहिलं. फांद्या छाटलेली झाडं, खांबासारखी उघडीबोडकी. याच्या जमिनीत, शेजाऱ्याच्या जमिनीत, पलीकडच्या उतारावर, नजर जाईल तिथवर. एक माणूस एवढं तोडू शकत नाही आणि टोळीने तोडलं असतं तर खोडं ठेवली नसती. विकायला खोडं लागतात. इथे खोड एकही गेलेलं नव्हतं. गेल्या होत्या त्या फांद्या, आणि त्यांची राखही तिथेच होती. काळे चौकोन, कडा सारवल्यासारख्या नीट. आग लावणारा कडा नीट ठेवत बसत नाही.

नवऱ्याबरोबर ती बाईही आली होती. मी काळ्या चौकोनाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?

"राब."

"राब म्हणजे?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग दोन्ही पंचांकडे. चूल म्हणजे काय असं कुणी विचारलं तर आपण जसं पाहू, तसं. "भात कुठं पेरतात तुमच्याकडं?"

आमच्याकडे ज्वारी पेरतात, हे मी तिला सांगितलं नाही. मग तिनेच सांगितलं. फांद्या पसरायच्या, त्यावर शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि पेटवायचं. तण मरतं, जमीन भाजून निघते. पाऊस पडला की त्या भाजलेल्या तुकड्यात भाताचं बी टाकायचं, आणि रोप वर आलं की खाचरात लावायचं. डोंगरावरची सगळी घरं हेच करतात, तिच्या सासऱ्याने हेच केलं, त्याच झाडांवर. मी विचारलं, दरवर्षी तोडता तर झाड मरत नाही का?

"मारत नाय आमी," नवरा पहिल्यांदाच आपणहून बोलला. "मारला तं पुडल्या साली राब कशाचा करू?"

माझ्या शेजारी रायटर पंचनामा लिहीत होता, त्याचं पेन थांबलं. लातूरला काय आणि सोलापूरला काय, राबणं म्हणजे कष्ट उपसणं. राब हा भाजलेल्या जमिनीचा तुकडा असतो, हे आम्हाला कुठून ठाऊक? तो बिचारा सांगत होता 'राबासाठी', आणि आम्ही ऐकत होतो 'राबण्यासाठी'. 'माझ्याच राबाला' म्हणाला, तर तो मालकाचं नाव लपवतोय असं आम्ही लिहिलं. जीपमध्ये परत येताना रायटर म्हणाला, साहेब, फाडून टाकू का तो जबाब? म्हटलं, जबाब फाडायचा नसतो, त्याच्यापुढे दुसरा लावायचा असतो. पण हसू दोघांनाही आवरलं नाही. मग आपण कशाला हसतो आहोत ते लक्षात आलं आणि नवा जबाब कसा लिहायचा ते ठरवू लागलो.

आता शेतकरी सुटला, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं. राब असो नाहीतर काही असो, करारात तोडायला बंदी होती आणि झाडं कंपनीने लावली असं कंपनी म्हणत होती. वरून फोन आला, उद्योगाचं प्रकरण आहे, हलगर्जीपणा नको. मी होय साहेब म्हटलं आणि प्रकल्प अधिकाऱ्याला बोलावणं धाडलं. लागवडीचा पुरावा घेऊन या म्हणालो.

तो खुशीत आला. गुळगुळीत कागदाचं पुस्तक आणलं होतं, गिऱ्हाइकांना दाखवतात तसलं. एका पानावर डाव्या बाजूला उजाड डोंगर, खाली लिहिलेलं 'लागवडीपूर्वी'. उजव्या बाजूला तोच डोंगर हिरवागार, खाली 'लागवडीनंतर'. फोटो खरोखर सुरेख होते. डावीकडच्यात मागे पळस फुललेला, उजवीकडच्यात गुडघाभर गवत आणि त्यात तेरड्याची गुलाबी फुलं. मी चहा मागवला. चौकशीत चहा फार कामाला येतो, माणूस बशीकडे बघत असताना त्याचं तोंड सैल सुटतं. आणि फोटो पाहता पाहता मला उजवीकडे, पानांच्या आडून, एक ओळखीचं कोपर दिसलं.

"हे झाड तुमच्या लागवडीतलंच ना?" मी विचारलं.

"हो सर. सगळी आमचीच."

"केव्हा लावलं?"

"तीन वर्षं झाली असतील."

मी बोट उचलून डावीकडच्या फोटोवर ठेवलं. तिथेही ते कोपर होतं, बिनपानांचं. "मग तुम्ही लावायच्या आधी हे इथे काय करत होतं?"

त्याने कप खाली ठेवला. मी त्याला सांगितलं, की या झाडाला मी परवा टोपी अडकवली होती आणि त्याचं खोड माझ्या कवेत मावत नाही. तीन वर्षांत ऐन एवढा वाढत असेल तर मीही निवृत्तीनंतर हाच धंदा करीन.

मग तो बोलता झाला. पहिल्या वर्षी तो उन्हाळ्यात आला तेव्हा त्याला खरंच वाटलं होतं, की डोंगर मेला आहे. त्याने तसे फोटो मुंबईला पाठवले, वरचे खूश झाले. गणपतीनंतर पुन्हा आला तर सगळं हिरवं. कंपनीने दिलेल्या कलमांपैकी बहुतेक बांधावरच सुकली होती. हिरवं झालं होतं ते दरवर्षीसारखं, राबाला छाटलेल्या झाडांनी नवी पालवी धरली म्हणून. त्याने मुंबईला कळवलं. मुंबईहून सांगणं आलं, उत्तम, पुढच्या वर्षीही याच दोन महिन्यांत फोटो काढ. ज्या तोडीमुळे डोंगर उजाड दिसायचा, तीच तोड त्यांना हवी होती. शेतकऱ्याने राब केला नाही तर 'लागवडीपूर्वी'चा फोटो मिळणार कसा?

मग फिर्याद का दिली? कारण आता तपासणी करणारे उपग्रहाची चित्रं मागवतात, आणि त्या वर्षी त्यांना डोंगरावर आग दिसली. राखलेल्या झाडांत आग कशी, असा प्रश्न आला. दरवर्षीचा राब आहे म्हटलं तर सगळं पितळ उघडं. म्हणून तो गुन्हा ठरवायचा, कुणीतरी आग लावली म्हणायचं. त्यासाठी एक एफआयआर हवा होता आणि एफआयआरला एक आरोपी लागतो. ज्याची जमीन वाटेला सर्वांत जवळ, त्याचं नाव दिलं. "सर, त्याला शिक्षा व्हावी असं आमच्या मनात नव्हतं," तो म्हणाला, आणि मला वाटतं तो खरंच बोलत होता. मला त्याचा जास्त राग आला तो याच वाक्याने. वैर असतं तर समजलो असतो. इथे त्या माणसाचा नुसता कागदाला लावायच्या टाचणीएवढा उपयोग केला होता.

पुढचं थोडक्यात. शेतकऱ्यावरचा गुन्हा खोटा ठरवून आम्ही कोर्टात 'बी समरी' पाठवली, म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी दिलेली आहे असा अहवाल. तो मंजूर झाला. कंपनीवर फसवणुकीचा वेगळा गुन्हा नोंदवला, त्याचा खटला अजून चालू आहे. रंगाच्या कारखान्याचा मालक स्वतः ठाण्यात आला होता. फसला होता तो, त्यात शंका नाही. त्याने गेटवर फलकही लावला होता, आमचा कारखाना पर्यावरणाचा मित्र म्हणून. म्हणाला, काढून टाकतो, आणि पुढच्या वेळी नीट पारखून दुसरीकडून प्रमाणपत्र घेतो. मी विचारलं, पण या झाडांच्या भरवशावर जो धूर इतकी वर्षं सोडला, तो? प्रमाणपत्र रद्द करता येतं, चिमणीतून गेलेला धूर परत बोलावता येत नाही.

यावरून कुणी म्हणेल, की ही सगळी व्यवस्थाच बनावट. मला तसं वाटत नाही. पालघरजवळच्या माहीमला माझ्या एका स्नेह्याची वाडी आहे. मोठ्या उधाणाचं खारं पाणी आता पूर्वीपेक्षा आत येतं आणि त्याची केळी उभ्या उभ्या पिवळी पडतात. धुराला मर्यादा घालावीच लागेल, आणि मर्यादा घातली की तिची मोजणी आली, खरेदी-विक्री आली, आणि मागोमाग लबाडही आले. लबाडांना पकडणं हे आमचं कामच. पण हे प्रकरण मला वेगळंच शिकवून गेलं, आणि ते शिकवलं त्या बाईने.

कंपनीविरुद्धच्या गुन्ह्यात तिचा साक्षीदार म्हणून जबाब हवा होता. बाईमाणूस, तिला ठाण्यात कशाला बोलवायचं, म्हणून आम्हीच पाड्यावर गेलो. जबाब झाला. तिने आम्हाला बसायला खाट दिली आणि स्वतः उंबऱ्यात बसली. तिला ती गोष्ट पहिल्यापासून समजून घ्यायची होती, कारण तिच्या नवऱ्याला नेलं कशासाठी हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. कारखान्यांना धुराचा वाटा ठरवून देतात, कमी पडला तर ते दुसऱ्याचा घेतात, वगैरे. तिने मध्येच विचारलं, "आनि मानसांना? तुमाला किती दिला हाय?"

मी म्हटलं, माणसांना अजून नाही. पण तशीही चर्चा असते, की पुढेमागे रेशन कार्डासारखा प्रत्येकाला एकेक वाटा द्यावा. गाडी, विमान, घरातली वीज, सगळं त्यात धरावं.

ती विचारात पडली. तिच्या घरी एक दिवा आणि एक पंखा, शेतातलं तेवढं वर्षातून एकदाचं जाळणं. नवरा मागे उभा राहून ऐकत होता. मग ती म्हणाली, "तो वाटा कसा देनार, साहेब? सगळ्यांना सारका, का जो आदीपासून जास्त जाळतो त्याला जास्त?"

कारखान्यांचं मला ठाऊक होतं. एखादा कारखाना आजवर किती धूर सोडत आला, ते पाहून त्यातून थोडा कमी करायला सांगतात. म्हणजे आधीपासून जास्त जाळणाऱ्याच्या वाट्याला जास्तच येतो. माणसांचंही तसंच केलं, तर या उंबऱ्यात बसलेल्या बाईच्या वाट्याला काय येईल, ते मला समोर दिसत होतं. तिच्या एका राबाला आम्ही गुन्हा म्हणून नोंदवून बसलो होतो. आयुष्यभर मी माणसांना प्रश्न विचारले, उलट मला असा प्रश्न फार थोड्यांनी विचारला असेल.

शेवटी म्हटलं, ते अजून ठरायचं आहे.

"मंग ठरवाय बसाल तवा आमाला पन बोलवा," ती म्हणाली. "नायतर पुन्ना पोलीस घेऊन याल."

मी तिला बोलावणारा कोण? तेव्हाही माझ्या हातात ते नव्हतं, आता तर काहीच नाही. पण जे ठरवायला बसतील त्यांच्यापैकी कुणाच्या तरी वाचनात हे येईल, म्हणून तिचा निरोप इथे लिहून पोचता करतो आहे.